साहेबांकडून आलेली बाई

वाशिम जिल्ह्यात मी गेले ती लोकांना पुढाऱ्यांचे फोटो दाखवायला. ऐकायला विचित्र वाटेल, पण हेही एक काम आहे. मतचाचण्या करणारी एक संस्था वर्षातून दोन-तीनदा मला बोलावते. गावात जायचं, दारं वाजवायची, मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांचे फोटो एकेक करून समोर धरायचे आणि विचारायचं, "यांना दहापैकी किती गुण द्याल? आणि का द्याल?" गुणांचे आकडे संस्थेला हवे असतात. "का"चं उत्तर ते लोक फारसं वाचत नाहीत, पण मला तेच ऐकायला आवडतं, म्हणून या वयातही मी उन्हातान्हात हिंडते.

मी गुहागरकडची. आमच्याकडे माणसाला मत कुणाला देणार म्हणून विचारलं, तर तो आधी तुमचं आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग "बघू" म्हणतो आणि तुमची पाठ वळली की हसतो. वऱ्हाडात माणसं तोंडावर बोलतात असं सगळे सांगत होते, म्हणून मी मोठ्या हौसेने होकार दिला. त्या हौसेचं पुढे काय झालं ते आता घरी येऊन लिहिते आहे. पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावं मात्र घालत नाही. वाचणाऱ्याने आपापल्या मनातलं नाव घालावं. कुठलंही बसेल.

किन्हीराजा

कारंज्याला बंडूभाऊ त्यांची पांढरी जीप घेऊन हजर होते. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, तोंडात सुपारी ठेवून बोलणारा माणूस. जीप निवडणुकीत प्रचाराला, लग्नसराईत वरातीला आणि एरवी जो बोलावेल त्याला. बॉनेटवर झेंडा लावायची लोखंडी दांडी तशीच होती. मी म्हटलं, भाऊ, ही काढा, आपण कुठल्या पक्षाचे नाही हे लोकांना दिसायला हवं.

"वेल्डिंग केली हाय ना ताई," ते म्हणाले. "झेंडे बदलतात, दांडी कायले काढाची?"

शेलूबाजार मागे टाकून आम्ही किन्हीराजाला पोचलो. तूर निघाली होती, हरभरा निघत होता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, मध्येच एखादा पेटल्यासारखा पळस, बाकी सावली म्हणून नाही. आमच्या कोकणात घरं झाडांत दडलेली असतात, माणूस अंगणात येईपर्यंत दिसत नाही. इथे एखादा सायकलवाला किती तरी वेळ आधीपासून दिसत राहतो आणि तो जवळ आला की उगीच ओळखीचा वाटायला लागतो.

हॉटेलात आलूबोंडा घेतला. वरून लाल रस्सा ओतून देतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बाकावरच्या मंडळींची करमणूक झाली. तेवढ्या ओळखीवर मी बॅगेतले पुढाऱ्यांचे फोटो बाहेर काढले. डोक्याला रुमाल बांधलेले एक काका पुढे सरकले.

पहिला फोटो फार मोठ्या पुढाऱ्याचा. काका म्हणाले, "हा टीव्हीत राह्यते."

"मग दहापैकी किती?"

"टीव्हीले द्या ना दहा."

दुसऱ्या फोटोवर ते चिडलेच. "ह्याचा फोटो जुना हाय. गमछा पाहा ना. आता ह्याच्या गळ्यात दुसऱ्या पार्टीचा गमछा हाय. आधी नवा फोटो आना, मंग विचारा."

तिसरा फोटो त्या भागातल्या साहेबांचा. त्यांचा पक्ष मधल्या काळात फुटला आणि साहेब एका तुकड्याबरोबर गेले. मला वाटलं, आता शिव्या ऐकायला मिळणार. पण काका म्हणाले, "ह्याले सात."

"का?"

"माहा बाप वारला तवा मातीले आलता."

माती म्हणजे अंत्यविधी. त्या दिवशी जमलं नाही तर पुढारी नंतर भेटीला येतो, सतरंजीवर मांडी घालून बसतो, घरच्यांशी चार शब्द बोलतो आणि उठतो. मी विचारलं, रस्ता, पाणी, सोयाबीनचा भाव, यांचं काय? काकांनी हात झटकला. "रस्ता कोनी बी करते, कोनी बी खाते. बाप एकदाच मरते, ताई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी "काय हे" म्हणून हसले खरी, पण जीपमध्ये बसल्यावर मला वाईट वाटलं. आमच्याकडे पुढारी गणपतीत येतो, आरतीला उभा राहतो, मोदक खातो आणि जातो. त्याची आम्ही वर्षभर टिंगल करतो. इथे माणसं पुढाऱ्याकडे एवढंच मागत होती की त्याने आपल्या मेलेल्या माणसाच्या घरी थोडा वेळ बसावं. आणि त्यावर तो पास व्हायचा.

इंझोरी

इंझोरीत अर्ध्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली, अजून परतलेली नव्हती. एका ओट्यावर एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसली होती. तिने मला आधी पाणी दिलं, मग कांदा, भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. तिच्या घरात त्या दिवशी दुसरं काही नव्हतं हे मला खाऊन झाल्यावर कळलं.

फोटो बघून ती म्हणाली, "मतदानाले गाडी पाठोतात बापा. कारखान्यावरून पोराले, सुनेले घेऊन येतात. बोटाले शाई लागली का गाडी गायब. वापस जाले ज्याचं त्यानं पाहावं."

"मग गुण किती देऊ?"

"तुले वाटन ते दे. तुलेबी काम पुरं कराचं असन."

अशा वेळी मला माझ्या कामाची लाज वाटते. बंडूभाऊ बाहेर जीपला टेकून उभे होते. ते म्हणाले, त्या गाड्यांमध्ये एक आपली पन होती ताई.

कामरगाव

कामरगाव मोठं गाव आहे. बस थांबते, काळीपिवळी जीप भरतात, दुकानांची रांग आहे. संस्थेने नेमून दिलेल्या गल्लीच्या तोंडाशीच आम्हाला थांबावं लागलं. एका घरापुढे कापडी मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुरुष गप्प बसले होते. घर दुखवट्यात आहे हे दिसतच होतं. मी बंडूभाऊंना म्हटलं, मागे घ्या, आपण दुसऱ्या गल्लीत जाऊ.

त्यांनी गाडी मागे घेण्याआधीच खुर्चीतला एक माणूस उठला. त्याने जीप पाहिली, बॉनेटवरची दांडी पाहिली, बंडूभाऊंना ओळखलं. मागच्या निवडणुकीत हीच जीप साहेबांच्या प्रचाराला याच गल्लीत फिरली होती. मागच्या सीटवर मी, पांढरी साडी, चष्मा, मांडीवर बॅग. त्याने वळून घराकडे आवाज दिला.

"शेवंतामाय! साहेबाकून आले वो! बाई आल्या!"

पुढचं सगळं फार भराभर झालं. पुरुष उभे राहिले. कुणीतरी जीपचं दार उघडलं. मी "नाही हो, मी" एवढं म्हटलं, पण दुखवट्याच्या घरासमोर मोठ्याने वाद घालता येत नाही. बायकांनी वाट करून दिली आणि मी आतल्या खोलीत सतरंजीवर बसलेली होते.

समोर स्टुलावर हार घातलेला एका वृद्धाचा फोटो, पुढे मेणबत्ती. वर भिंतीवर बुद्धाची तसबीर. फोटोशेजारी साधारण सत्तरीची बाई बसली होती. तीच शेवंतामाय. फोटोतले ते तिचे यजमान, उत्तमराव. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना घेऊन, गावाला जेवण देऊन दुखवटा संपायचा होता.

मला राहवेना. मी तिच्याजवळ सरकून हळूच म्हटलं, "माई, चूक झाली. मी साहेबांकडून आलेली नाही. मी लोकांना विचारायला आले आहे, पुढाऱ्यांबद्दल काय वाटतं ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग दारातल्या सुनेला म्हणाली, "बायाइले जरा बाहीर बसव." दार लोटलं गेलं. मला वाटलं आता चांगली खरडपट्टी निघणार आणि ती निघायलाच हवी होती.

"साहेबाले ओळखता?" तिने विचारलं.

"नाही. नुसता फोटो आहे माझ्याकडे."

"हूं." तिने पदराने मेणबत्तीचं ओघळलेलं मेण पुसलं आणि बोलायला लागली. तिच्या बोलण्यातून मला जे कळलं ते असं. उत्तमराव तरुणपणापासून साहेबांचे कार्यकर्ते. पक्षात कधी पद मिळालं नाही, त्यांनी मागितलंही नाही. त्यांचं काम एकच होतं. गावात कुणाच्याही घरी मौत झाली की साहेबांना कळवायचं आणि त्यांना त्या घरी आणून बसवायचं. कोणत्या घरात कोण गेलं, थोरला मुलगा कोण, साहेबांनी कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा, हे सगळं उत्तमराव गाडीत सांगायचे. आपल्या वस्तीत, दुसऱ्यांच्या वस्तीत, जात-पात न बघता. किन्हीराजाच्या काकांनी ज्या एका गोष्टीवर साहेबांना सात गुण दिले होते, ती गोष्ट गावोगाव असे उत्तमराव घडवून आणत होते, हे मला तिथे बसल्यावर समजलं.

"मंग पार्टी फुटली," ती म्हणाली. "साहेब तिकडं गेले. ह्यायले नवा गमछा पाठोला. ह्यायनं घेतला नाई. जुन्यावाल्याइनं बी बोलावलं, तथी बी गेले नाई. म्हने, माहा मानूस तिकडं हाय, माही पार्टी इकडं हाय, मी कुठी जाऊ? अथी ओट्यावर बसून राहाचे."

उत्तमराव गेल्यावर मुलाने साहेबांच्या ऑफिसात फोन केला. पलीकडच्याने विचारलं, कोणत्या गटाचे? मुलगा म्हणाला, जुने कार्यकर्ते आहेत. पलीकडचा म्हणाला, सांगतो साहेबांना. दुसऱ्या तुकड्याच्या लोकांना वाटलं, उत्तमराव साहेबांचे, साहेब येतील. कुणीच आलं नाही.

"मौतीचा निरोप देनारा मानूसच गेला, ताई," शेवंतामाय म्हणाली. "आता निरोप कोन देते?"

बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. ती थोडी पुढे झुकली.

"उद्या जेवन हाय. उद्या सारं आटपलं. मंग लोक जलमभर म्हनतीन, उत्तमराव साहेबामांग फिरला, साऱ्याइच्या घरी साहेबाले आनलं, अन् त्याच्या घरी कुत्रं बी आलं नाई. ह्यायची जिनगानी हासन्यावारी जाईन. तुमी काई बोलू नका. फक्त बाहीर जाऊन नाई म्हनू नका. एवढं करता काय?"

आम्हाला शिकवलेलं असतं की लोकांच्या मतावर आपला परिणाम होऊ द्यायचा नाही. त्या खोलीत मला तो नियम आठवला आणि त्याचा रागही आला. मी तिचा हात धरला आणि बसून राहिले. खरं सांगायचं तर मला रडू आलं. त्या फोटोतल्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी आलं.

थोड्या वेळाने उठले. दुखवट्याच्या घरातून निघताना "येते" म्हणत नाहीत, ते आमच्याकडेही तसंच आहे. न बोलता बाहेर आले. पुरुषांनी हात जोडले, मीही जोडले. कुणी काही विचारलं नाही, त्यामुळे मला काही नाकारावंही लागलं नाही.

त्या गल्लीत फोटो दाखवणं शक्यच नव्हतं. आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसथांब्यापलीकडच्या वस्तीत गेलो. जीप मी लांब लावायला सांगितली आणि चालत निघाले. पहिल्याच घरी शिवणयंत्रावर बसलेला एक माणूस भेटला. फोटो दाखवत साहेबांपर्यंत आले.

"ह्याले नऊ," तो म्हणाला.

"एवढे?"

"मानूस पाठोला ना त्यानं उत्तमरावच्या घरी. आज सकाळीच. पार्टी बदलली, पर मानूस नाई बदलला, पाहा."

मी त्याच्यासमोर उभी होते आणि तो मलाच माझी बातमी सांगत होता. पुढच्या घरी त्या बातमीला आणखी पाय फुटले होते. साहेबांची कोणी खास बाई आली म्हणे, मुंबईची. त्याच्या पुढच्या घरी ती बाई ढसाढसा रडली होती. एका किराणा दुकानात तर साहेबांनी तिच्या फोनवरून शेवंतामायशी बोलून तिला धीर दिला होता आणि मुलाला नोकरी लावून देतो म्हणाले होते. दुकानदार डोळे विस्फारून सांगत होता. गिऱ्हाईक म्हणून आलेली एक बाई म्हणाली, "काई म्हना, साहेब विसरत नाई गरिबाले. यावेळी त्यालेच."

"तुम्ही मागच्या वेळी कुणाला दिलं होतं?" मी विचारलं. खरं तर हे विचारायचं नसतं.

"दुसऱ्याइले. साहेबानं पार्टी फोडली म्हनून राग होता ना."

मी आकडे भरत गेले. आठ, नऊ, नऊ. इंझोरी नि किन्हीराजात ज्या साहेबांना, काकांचे सात सोडले तर, लोकांनी जेमतेम काठावर पास केलं होतं, ते कामरगावात वरच्या नंबरात येत होते, आणि ते सगळे गुण मी सतरंजीवर बसून मिळवले होते. साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता. बंडूभाऊंना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. सुपारी थुंकून म्हणाले, "फुकटात पडलं त्याले." मग जीपचा दरवाजा त्यांनी जरा जास्तच जोराने लावला.

परत निघायच्या आधी मी गाडी पुन्हा त्या गल्लीकडे घ्यायला लावली. का, ते मला नीट सांगता येणार नाही. ऊन उतरलं होतं. मांडवात आता कुणी नव्हतं, मुलगा दोघांना घेऊन उद्याच्या सतरंज्या झटकत होता. शेवंतामाय दाराशी बसून परातीत तांदूळ निवडत होती. मला पाहून तिने शेजारी जागा केली.

"फिरल्या गावात?"

"फिरले."

"लोक काय म्हनून राह्यले, ताई?"

"चांगलं म्हणतायत."

"कोनाले?"

"साहेबांना," मी म्हटलं. "माणूस पाठवला म्हणून फार चांगलं म्हणतायत."

तिने मान हलवली. एक खडा वेचून बाजूला टाकला. मग परातीतून वर न बघता विचारलं, "अन् ह्यायले?"

मी दिवसभर त्या गावात दारोदार हिंडले होते. लोक साहेबांबद्दल बोलले, पक्षाबद्दल बोलले, मुंबईहून आलेल्या बाईबद्दल तर किती बोलले. उत्तमरावांचं नाव आलं ते घराचा पत्ता म्हणून. उत्तमरावच्या घरी. त्यांच्याबद्दल एकाही माणसाने एकही शब्द काढला नव्हता.

"सगळेच म्हणत होते, माई," मी म्हटलं. "असा माणूस पुन्हा होणे नाही म्हणत होते. याच माणसाने साहेबांना घरोघरी आणलं, असं म्हणत होते."

तिने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"हे बी तुमीच म्हनून राह्यल्या ना?" ती म्हणाली आणि माझ्या उत्तराची वाट न बघता परात उचलून आत गेली.